आधी परवानगी, मागाहून रस्ता

स्मृतिव्याख्यानाची सुरुवात एका आठवणीने व्हावी, हे रास्तच. २९ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी दसरा होता. सकाळी साडेदहाच्या सुमाराला मुंबईत पावसाची जोरदार सर आली आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर माणसे आडोशाला थांबली. खालून गाड्या येत होत्या, प्रत्येक गाडीतून आणखी माणसे जिन्याकडे येत होती, आणि वरची माणसे पाऊस थांबायची वाट पाहत होती. त्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले. पूल कोसळला नव्हता. तो होता तसाच उभा होता. फक्त त्याच्यावरून रोज जाणाऱ्या माणसांचा आकडा गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलून गेला होता.

आकडा का बदलला, याचे उत्तर रेल्वेच्या दप्तरात सापडत नाही. ते १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे.

गिरणगावाचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे इथे अगदी हाकेच्या अंतरावरून समांतर धावतात. त्यांच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंना सुमारे सहाशे एकरांवर पन्नासहून अधिक कापड गिरण्या उभ्या होत्या. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या गिरणीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हापासून सव्वाशे वर्षे हा भाग भोंग्यावर जगला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या घरात कामगार होते. आजच्या विषयासाठी त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे: यातले बहुतेक कामगार पायी कामावर जात. भोंगा झाला की चाळीतून निघायचे, दहा-पंधरा मिनिटांत गेटवर. शिवाय तीन पाळ्या असल्यामुळे सगळी गर्दी एका तासात एकवटत नसे. म्हणून ना. म. जोशी मार्ग, गणपतराव कदम मार्ग, पांडुरंग बुधकर मार्ग हे रस्ते अरुंद असूनही पुरले. ते रस्ते कापसाच्या गाठींसाठी आणि चालणाऱ्या माणसांसाठी होते. मोटारींसाठी ते कधी आखलेच गेले नव्हते.

संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. औद्योगिक जमिनीवर घरे आणि कचेऱ्या उभारू द्यायच्या का, हा प्रश्न उभा राहिला, आणि १९९१ च्या नियमावलीतल्या नियम ५८ ने त्याचे उत्तर दिले. उत्तर वाईट नव्हते. गिरणीची जमीन विकसित करायची असेल, तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. याच सुमाराला, १९९६ मध्ये, चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने एक समिती नेमली. तिचा आग्रह साधा होता. प्रत्येक गिरणीकडे सुटा भूखंड म्हणून पाहू नका, त्या एकत्र पाहा. तरच मोकळी जागा सलग मिळेल आणि स्टेशनांपर्यंत नीट वाटा काढता येतील.

तसे झाले नाही. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, असे ठरले. गिरणीची शेड पाडून जी जागा मोकळी होईल ती वाटणीतून सुटली. गिरणीच्या आवारात शेड आणि गोदामे दाटीने उभी असतात, हे ज्याने एकदा आत पाऊल टाकले असेल त्याला सांगायला नको. शहराच्या वाट्याला कात्रणे आली. पर्यावरणवादी न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

या खटल्याची चर्चा झाली ती बागा आणि घरे यांच्याबद्दल. रस्त्यांबद्दल फारच कमी. पण वाहतुकीच्या दृष्टीने खरे नुकसान भिंतींनी केले. गिरणी म्हणजे चारी बाजूंनी उंच भिंत आणि एक-दोन दरवाजे. अशा भिंतींमधून जुने रस्ते वळसे घालत गेलेले. एकेका गिरणीचा विकास एकेकटा झाला, त्यामुळे आतली शेड गेली आणि भिंत राहिली. आत काचेचे मनोरे, पोडियम, आठ-आठ मजल्यांचे वाहनतळ. बाहेर तोच रस्ता. गावातून आरपार जाणारी एकही नवी गल्ली न मिळता हजारो नव्या मोटारी त्याच दोन-चार रस्त्यांवर उतरल्या.

आता थोडा हिशेब. दहा हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्राची एक इमारत घ्या. म्हणजे सुमारे एक लाख आठ हजार चौरस फूट, मुंबईच्या मानाने लहानच. आगीच्या वेळी किती माणसे बाहेर काढावी लागतील हे ठरवण्यासाठी राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी क्षेत्र धरलेले असते: निवासी इमारतीत साडेबारा चौरस मीटर, कार्यालयात दहा, दुकानांच्या तळमजल्यावर तीन. हे कोष्टक वाहतुकीसाठी केलेले नाही, पण माणसांची दाटी त्यातून दिसते. त्याच दहा हजार मीटरांत घरे असतील तर ८०० माणसे, कचेरी असेल तर १,०००. फरक फार वाटत नाही. फरक वेळेत आहे. घरातली सगळी माणसे एकाच तासाला बाहेर पडत नाहीत. म्हातारी घरी असतात, मुले शाळेत जातात, कोणी दुपारी निघते. कचेरीतले हजार जण नऊ ते दहाच्या दरम्यान येतात. त्यातल्या पाचातल्या एकानेच मोटार आणली असे धरले, तरी एका तासात दोनशे मोटारी.

आता रस्ता. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेनुसार दुभाजक असलेल्या चौपदरी मुख्य रस्त्याची क्षमता तासाला ३,६०० मोटारी, म्हणजे एका दिशेला १,८००. अशा नऊ इमारती तो रस्ता एका दिशेने भरून टाकतात. बस, टॅक्सी, रुग्णवाहिका, शेजारच्या चाळीतला स्कूटरवाला यांच्यासाठी मग काहीच उरत नाही. आणि लोअर परळमध्ये अशा इमारती नऊवर थांबलेल्या नाहीत.

याच मार्गदर्शिकेत आणखी एक आकडा आहे. तो प्रत्येक नगरसेवकाच्या टेबलावर असायला हवा. दुतर्फा वाहतुकीचा दुपदरी रस्ता, कडेला दुकानांची दारे नाहीत, गाड्या उभ्या नाहीत, तर क्षमता १,५००. तोच दुपदरी रस्ता, पण कडेला दुकाने उघडलेली, गाड्या लागलेल्या, माणसे मध्येच ओलांडणारी, तर ९००. रुंदी तीच, डांबर तेच, आणि क्षमता चाळीस टक्क्यांनी कमी. निवासी रस्त्याला व्यापारी वापराची मुभा दिली की एका हाताने वाहने वाढतात आणि दुसऱ्या हाताने रस्ता आटतो. पुण्यात बंगल्यांच्या जागी तळमजल्याला हॉटेल आणि वर कचेऱ्या आल्या, त्या रस्त्यांवर राहणाऱ्यांना हे आकडे न वाचताही ठाऊक आहे. त्यांच्या फाटकासमोर रोज सकाळी टेम्पो उतरवला जातो.

टेम्पोची गोष्ट खर्चाशीही जोडलेली आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ खास चाचणीसाठी रस्ते बांधून त्यांच्यावर महिनोन्महिने ट्रक चालवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा आजही रस्ते बांधणारे वापरतात: आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळा पट होते. मोटारींनी रस्ता तुंबतो, पण तो फुटतो जड गाड्यांनी. व्यापारी संकुल उभे राहताना काँक्रीटचे मिक्सर येतात, उभे राहिल्यावर मालाचे ट्रक येतात, आणि जिथे नळाचे पाणी पोहोचलेले नाही तिथे टँकर येतात. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसत्या पाण्याचे वजन दहा टन भरते. सोसायटीच्या मोटारींसाठी केलेला रस्ता दोन पावसाळ्यांत उखडतो, आणि ठेकेदाराच्या नावाने खडे फोडले जातात. कधी कधी तो दोषी असतोही. पण वापर बदलला तेव्हाच त्या रस्त्याचे आयुष्य कमी झाले होते, हे कोणी मांडत नाही.

हा खर्च नेमका कोणाच्या माथी येतो? २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. ज्युपिटर, एल्फिन्स्टन, कोहिनूर, अपोलो आणि मुंबई टेक्स्टाइल या पाचांचे मिळून सुमारे २,०२० कोटी रुपये आले. ते पैसे महामंडळाकडे गेले, आजारी गिरण्यांच्या पुनर्वसनासाठी आणि कामगारांच्या देण्यांसाठी. कामगारांच्या देण्यांबद्दल कोणाचेच दुमत असू नये. पण त्या जमिनींवर उठणाऱ्या मनोऱ्यांमुळे जे रस्ते, पूल आणि जिने लागणार होते, त्यांच्यासाठी त्या रकमेत काहीही बाजूला ठेवलेले नव्हते. रस्ते महापालिकेचे, रुळांवरचे पूल रेल्वे आणि महापालिका यांच्यात वाटलेले, उन्नत मार्ग एमएमआरडीएचे. विकासशुल्क आणि अधिमूल्य वसूल होते हे खरे. ते सर्वसाधारण तिजोरीत जाते किंवा निरनिराळ्या संस्थांत वाटले जाते. ज्या गल्लीने भार उचलला तिच्याकडे ते परत येईल याची खात्री नसते.

त्या पाचांतल्या मुंबई टेक्स्टाइल मिलची कथा पुढे वाचण्यासारखी आहे. सुमारे १७ एकर जमीन २००५ मध्ये ७०२ कोटींना गेली. २०१२ मध्ये तीच जमीन दुसऱ्या विकासकाने घेतली, तेव्हा किंमत सुमारे २,७०० कोटी होती. सात वर्षांत जवळजवळ चौपट. मातीत काही बदलले नव्हते. बदलली होती ती तिच्यावर काय बांधता येईल याविषयीची अपेक्षा.

आणि इथेच या विषयाची मूळ गाठ आहे. वापर बदलाची परवानगी मिळाली की त्या जमिनीची किंमत चढते, शेजारच्या जमिनीचीही चढते. मग वाहतूक वाढते, म्हणून रस्ता रुंद करायचा ठरतो. त्यासाठी कडेची पट्टी घ्यायची, तर ती आता नव्या, चढलेल्या भावाने घ्यावी लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारभावाइतकीच आणखी रक्कम दिलासा म्हणून द्यायची, म्हणजे किमान दुप्पट. रोख नसेल तर टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) द्यायचा, आणि टीडीआर म्हणजे शहरात दुसरीकडे कुठे तरी आणखी बांधकाम, आणखी वाहतूक. शहराने स्वतःच्या सहीने जमीन महाग केली आणि तीच जमीन रस्त्यासाठी महागात विकत घेतली. एखाद्या कुटुंबाने असा व्यवहार केला तर घरातली वडीलधारी मंडळी त्याला जाब विचारतील.

यात भर म्हणजे आपल्या नियमांत बांधकामाची मर्यादा रस्त्याच्या रुंदीशी बांधलेली आहे. रुंद रस्त्यावर एफएसआय जास्त, व्यापारी वापराला मुभा जास्त. हेतू योग्य आहे: अरुंद गल्लीवर बोजा टाकू नये. पण त्याचा उलटा परिणाम असा, की कोंडी फोडण्यासाठी रस्ता बारा मीटरचा अठरा केला की कडेचे भूखंड जास्त बांधकामाला पात्र होतात आणि रुंद झालेली पट्टी नव्या इमारतीच्या गाड्यांनी भरते. सार्वजनिक पैशाने मिळवलेली सहा मीटर जागा चार-पाच वर्षांत खाजगी वापरात मुरते.

गिरणगावात हे बिल हप्त्याहप्त्याने आले आहे. एल्फिन्स्टनच्या दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करून नवा पादचारी पूल बांधला गेला. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. पाच महिन्यांत. जे पाच महिन्यांत होऊ शकत होते, ते २३ माणसे जाईपर्यंत झाले नव्हते. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळला, त्यानंतर जुन्या पुलांची तपासणी झाली आणि लोअर परळचा डिलाईल पूल २४ जुलैला वाहनांसाठी बंद झाला. तो पूर्ण खुला झाला नोव्हेंबर २०२३ मध्ये. सव्वापाच वर्षे.

त्या सव्वापाच वर्षांतली लोअर परळची सकाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती विसरता येणार नाही. नऊ वाजून दहा मिनिटांची लोकल रिकामी होते. जिन्यावर एक पायरी उतरायला दोन श्वास लागतात. गळ्यात ओळखपत्रांच्या रंगीत फिती, हातात डबे, पाठीवरच्या बॅगा पोटाशी घेतलेल्या. बाहेर पडल्यावर पदपथ म्हणून जे आहे ते पत्र्यांनी अडवलेले, म्हणून सगळी रांग रस्त्यावरूनच चालते. शेअर टॅक्सीवाले ओरडत असतात. जवळच एक आजी, बहुधा चाळीतलीच, भाजीची पिशवी घेऊन पलीकडे जायला थांबलेली असते. ती याच रस्त्यावर लहानाची मोठी झालेली असते. तिच्यासमोरून पाचशे माणसे जातात आणि तिला ओलांडायला जागा मिळत नाही. वाहतुकीच्या कुठल्याही अहवालात तिची गणती होत नाही, कारण ती वाहन नाही.

लोकांना इथे कचेऱ्या नकोत असे मात्र नव्हे, आणि या व्याख्यानाचाही तो सूर नाही. दोन रेल्वेमार्गांच्या मध्ये कचेऱ्या आणणे हा नगररचनेच्या दृष्टीने उत्तम निर्णय होता. नरिमन पॉइंटला पोचायला सगळ्या उपनगरांना शहराच्या टोकापर्यंत जावे लागे. परळ त्या मानाने मध्यावर. गिरणगाव स्वतः मिश्र वापराचेच होते; चाळीखाली खाणावळ, दुकान, शिंपी, व्यायामशाळा. जवळ काम असणे, चालत दुकान असणे, यानेच वाहतूक कमी होते. चूक वापर बदलण्यात झाली नाही, क्रम चुकला. आधी जिने, पूल, पदपथ, आरपार गल्ल्या, मेट्रो, मग मनोरे. इथे मेट्रो ३ पूर्ण मार्गावर धावू लागली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे नियम ५८ नंतर ३४ वर्षांनी. मंजुरीच्या वेळी २३,१३६ कोटींची असलेली ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका ३७,२७६ कोटींवर गेली. सगळी वाढ एका कारणाने झालेली नाही. पण भरलेल्या, महाग झालेल्या शहराच्या पोटात बोगदा काढणे हे मोकळ्या शहरात काढण्यापेक्षा नेहमीच महाग.

लंडनलाही हा धडा फुकट मिळालेला नाही. तिथल्या गोद्या ओस पडल्यावर आयल ऑफ डॉग्ज भागात १९८२ मध्ये उद्योगांना सवलतींचा खास विभाग जाहीर झाला. कचेऱ्या आल्या, आणि मग त्यांच्यापर्यंत पोचायला रस्ता नाही हे लक्षात आले. लाइमहाउस लिंक हा जेमतेम पावणेदोन किलोमीटरचा बोगदा १९९३ मध्ये खुला झाला. लांबीच्या मानाने तो त्या काळी ब्रिटनमधला सर्वांत महागडा रस्ता ठरला. मात्र पुढच्या खेपेला लंडनने क्रम सुधारला. क्रॉसरेल या नव्या रेल्वेसाठी एप्रिल २०१० पासून मोठ्या व्यापारी मालमत्तांवर करपात्र मूल्याच्या पौंडामागे दोन पेन्सचा जादा कर बसवला. गाडी सुरू झाली मे २०२२ मध्ये. म्हणजे ज्यांच्या कचेऱ्यांची किंमत वाढणार होती, ते बारा वर्षे आधीपासून पैसे भरत होते.

आपल्याकडेही हे अनोळखी नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सुधार ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या योजना आखल्या, तेव्हा आधी रस्ते काढले, बागा सोडल्या आणि मग भूखंड दिले. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनीतले रस्ते आजही श्वास घेतात, त्याचे कारण तेच. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने पुढचे पाऊल टाकले: जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते वजा करायचे, उरलेले नीट आखलेले भूखंड मूळ मालकांना परत द्यायचे आणि वाढलेल्या किमतीतला काही हिस्सा सुविधांसाठी घ्यायचा. हीच पद्धत गुजरातने चिकाटीने वापरली. अहमदाबादभोवतीच्या ७६ किलोमीटरच्या वर्तुळाकार रस्त्याची बरीच जमीन अशाच योजनांतून मिळाली. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना अधिनियमात ही तरतूद पहिल्यापासून आहे. ती अनेक वर्षे धूळ खात पडली, आणि अलीकडे पुणे महानगरात माण-म्हाळुंगे इथे ती पुन्हा हाती घेतली गेली.

माण हे हिंजवडीच्या शेजारचे गाव. हिंजवडीत औद्योगिक विकास महामंडळाच्या हद्दीतले रस्ते चांगले झाले, पण हद्दीबाहेर पडले की वाकडच्या तोंडाशी तीच जुनी वाट. मग शिवाजीनगरपर्यंत २३.३ किलोमीटरची मेट्रो, ८,३१३ कोटींची. आणि ती मेट्रो नेण्यासाठी गणेशखिंड रस्त्यावर विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावा लागला. बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती. करदात्याने तो एकदा बांधण्यासाठी पैसे दिले, एकदा पाडण्यासाठी, आणि त्याच जागी दुमजली पूल उभारण्यासाठी तिसऱ्यांदा.

परळमध्ये १२ सप्टेंबर २०२५ रोजी एल्फिन्स्टनचा शंभरी ओलांडलेला रस्तापूल बंद झाला. त्याच्या जागी शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी दुमजली पूल होणार आहे. अटल सेतूवरून येणारी वाहने त्यावरून वरळीकडे जातील. पुलाच्या पूर्वेला केईएम, टाटा आणि वाडिया ही रुग्णालये आहेत. पश्चिमेकडून येणाऱ्या रुग्णाला टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा पडतो.

येत्या काही वर्षांत मुंबईत बंदराच्या जमिनी, धारावी आणि उरलेल्या गिरण्या यांचे वापर ठरतील. पुण्या-नाशिकात हिरव्या पट्ट्यांचे ठरतील. असा प्रत्येक बदल अधिनियमाच्या कलम ३७ किंवा कलम २० खाली जाहीर होतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, सर्व्हे क्रमांकांच्या रांगेखाली तीन शब्द असतात: ‘हरकती व सूचना’. कलम ३७ खाली त्यासाठी एक महिना मिळतो आणि हरकत कोणालाही घेता येते, जमीन शेजारी असण्याची अट नाही. त्या महिन्यात पालिकेला लेखी विचारावे: या बदलाने गर्दीच्या तासाला किती वाहने वाढतील, ती कोणत्या रस्त्यावर उतरतील, त्या रस्त्याची आजची क्षमता किती, आणि वाढीव रस्त्याचा, पुलाचा, जिन्याचा खर्च कोण, केव्हा भरणार. १९९१ मध्ये आणि २००१ मध्ये हे प्रश्न एल्फिन्स्टनच्या त्या जिन्याबद्दल विचारायला हवे होते.